डावीकडचं घमेलं

जमुनाला राग आला की ती भांडत नाही, तिचे हात भराभर चालायला लागतात. तिच्या गावातल्या, बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या बायांना हे पाठ आहे. तळोज्याच्या बाजूला एका कंपनीच्या शेडमध्ये ती एकोणीस वर्षं कोळंबी सोलते आहे आणि तिथल्या बत्तीस बायांमध्ये तिच्याइतके हात कुणाचेच चालत नाहीत. डोकं मोडायचं, कवच एका ओढीत उतरवायचं, पाठीतला काळा दोरा नखाने काढायचा आणि सोललेली कोळंबी घमेल्यात टाकायची. नवी बाई हे एकेक करून शिकते. जमुनाच्या हातून ते सगळं एकदमच होतं. तिचा नवरा जयदेव म्हणतो की लग्नात अंतरपाट धरलेला असतानासुद्धा हिचा पाय उरका उरका म्हणून हलत होता. जमुनाला आपल्या हातांचा अभिमान आहे आणि तो ती लपवत नाही.

शेडचा हिशोब किलोवर चालतो. सोललेल्या कोळंबीला किलोमागे अठरा रुपये. घमेलं भरलं की काट्यावर न्यायचं, मुकादम आकडा लिहितो. मुकादम म्हणजे कल्पेश, दिवाळ्यातलाच, जमुनाच्या चुलतसासऱ्याचा नातू. तिला तो काकी म्हणतो आणि तोंडावर गोडच बोलतो. पण त्याचे दोन नियम आहेत. पहिला, तोललं त्याचेच पैसे. हातातून सुटून जमिनीवर पडलेली कोळंबी तोलायची नाही, ती झाडूने नाल्यात जाते आणि नुकसान बाईचं. दुसरा, जिची दिवसाची सोलणी पंधरा किलोच्या आत राहते ती बाई शेडला परवडत नाही. तिने उद्यापासून कंपनीच्या व्हॅनमध्ये चढायचं नाही.

जमुनाच्या डाव्या हाताला राहीबाई बसायची. वय सदुसष्ट, बोटं सांध्यांशी वाकलेली, बर्फाच्या पाण्यात तीस वर्षं घालवलेली. तिच्या एकटीच्या हातून दिवसाला अकरा किलो, फार तर बारा. तरी संध्याकाळी तिच्या नावापुढे सोळा-सतरा लिहिलेले असायचे. कारण सोपं होतं. जमुना दर थोड्या वेळाने घमेल्यातली एक मूठ उचलून डावीकडे टाकायची. समोर बसणारी दिशा नावाची तरुण पोरही टाकायची. काट्याकडे जाताना एखादी थांबायची, मूठ ठेवायची आणि पुढे जायची.

हे कुणी ठरवलेलं नव्हतं. दिवाळ्यात होडी लागली आणि बाया मासळी निवडायला बसल्या की जिच्या घरची होडी नाही तिच्या पाटीत प्रत्येकीची एकेक मूठ पडते. टाकणारी सांगत नाही, घेणारी आभार मानत नाही, मानलेच तर सगळ्या मिळून तिची चेष्टा करतात. गावातल्या बाया शेडमध्ये आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर मूठही आली. जमुना पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिची दहाही बोटं कापली होती आणि दुपारपर्यंत तिच्या घमेल्यात दीड किलोसुद्धा नव्हती. तेव्हा मूठ टाकणारी राहीबाई होती. तुरटीच्या पाण्यात बोटं बुडवून ठेव, असंही तिनेच सांगितलं होतं. आता राहीबाईला कुणी नव्हतं. नवरा खाडीत गेला, मुलगी उरणला दिलेली, तिचंच तिला पुरत नव्हतं. शेड होतं म्हणून तिच्या घरी चूल पेटत होती.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण गेल्या वर्षी एका सकाळी जमुनाचा एक गमबूट सापडेना. शोधता शोधता तिने दाराजवळची थर्माकोलच्या खोक्यांची थप्पी हलवली आणि मागे भिंतीवर एक पाटी निघाली. सरकारने ठरवलेलं किमान वेतन, असं वर लिहिलेलं. खाली रोजाचा आकडा. इतकी वर्षं ती पाटी तिच्या पाठीमागे होती आणि पुढे खोकी होती. दिशा बारावी झालेली, तिने मोबाईलवर फोटो काढला आणि जेवणाच्या सुट्टीत भागाकार केला. किलोला अठरा या दराने तो सरकारी रोज पडायचा तर बाईने दिवसाला तीस किलो सोलली पाहिजे.

तीस किलो. शेडमध्ये बाया वीस-बावीस सोलतात. जमुना, जिच्यासारखे हात कुणाचे नाहीत, तीसुद्धा ज्या दिवशी तब्येत, माल आणि बर्फ तिन्ही बरं असेल त्या दिवशी सत्तावीसपर्यंत पोचते. म्हणजे सगळ्यात तरबेज बाईलासुद्धा सरकार म्हणतं तो कमीत कमी रोज आजवर एकदाही मिळाला नव्हता. जमुनाला ते दुपारभर पचेना. कमी पैसे मिळतात हे तिला माहीत होतं, ते कुणाला माहीत नव्हतं? पण आपल्या हातांच्या जोरावर आपण इतरांपेक्षा बऱ्या आहोत असं ती मानत आली होती. त्या मानण्यालाच कुणीतरी खाली ओढलं.

तिने कल्पेशला विचारलं. त्याने हसून सांगितलं की काकी, तो बोर्ड इन्स्पेक्शनसाठी असतो, आपला रेट वेगळा, टेन्शन नको घेऊ. आणि दुपारनंतर खोकी पुन्हा जागेवर गेली.

मग सुरू झाले ते खेटे. कामगारांची कचेरी बेलापुरात, म्हणजे दिवाळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एवढ्या जवळच्या ठिकाणी जमुनाच्या अकरा खेपा वाया गेल्या. एकदा साहेब दौऱ्यावर. एकदा अर्जावर कंपनीचा पूर्ण पत्ता नाही. एकदा अर्ज टाइप केलेला हवा. एकदा सगळं होतं तर शिक्का मारणारा सुट्टीवर. प्रत्येक खेपेला अर्धा दिवस बुडायचा आणि अर्ध्या दिवसाचे किलो परत मिळत नाहीत. जयदेव म्हणायचा, अगं रोज कमी पडतो म्हणून सांगायला जातेस आणि त्यातच रोज घालवतेस. तो चिडून म्हणत नसे, साधंच म्हणत असे, म्हणून ते जास्त लागायचं. जमुना भांडी घासायला घ्यायची आणि भांड्यांचा आवाज शेजारपर्यंत जायचा.

बाराव्या खेपेला साहेब भेटले. शहाजी नाव, साताऱ्याकडचे, पन्नाशीला आलेले, टेबलावर फायलींचे दोन ढीग आणि त्यांच्यामधल्या फटीतून बोलणारे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी जमुनाला बसायला सांगितलं, पाणी दिलं, फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाले की किलोवर मजुरी देणं चूक नाही, फक्त नेहमीच्या वेगाने आठ तास काम केल्यावर सरकारी रोज पडला पाहिजे. ते बघायचं तर प्रत्यक्ष येऊन तोलावं लागेल. दोन तासांत साडेसात किलो होते का, एवढंच बघू. होत नसेल तर दर वाढवावाच लागेल, त्यात कंपनीची मर्जी चालत नाही.

त्या दिवशी जमुना गावात आली ती जवळजवळ पळतच.

साहेब येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने व्हॅनमध्ये सगळ्यांना बजावलं. कुणी चमकायचं नाही आणि कुणी मुद्दाम रेंगाळायचं नाही. रोज जसं करतो तसंच करायचं, खरं तेच दिसू दे. बायांनी माना हलवल्या. सगळं बोलून झालं, फक्त मुठीचं कुणी बोललं नाही. जमुनाच्याही ते मनात आलं नाही. श्वास घ्यायचा की नाही हे कुणी ठरवतं का, तसंच ते.

साहेबांकडे सरकारी गाडी नव्हती. ते मेट्रोने पेंधरला उतरले आणि तिथून त्यांना आणायला कंपनीची गाडी गेली. म्हणजे साहेब केव्हा येणार हे कंपनीला जमुनाच्या आधी ठाऊक होतं. सकाळीच नवे एप्रन वाटले, पाटीपुढची खोकी हलवली, पाटी पुसून घेतली. साहेब आले, शेडभर एक फेरी मारली आणि म्हणाले की तिघींचं तोलू. एक सगळ्यात चलाख, एक मधली, एक सगळ्यात वयस्कर. चलाख म्हणजे जमुना, मधली दिशा, आणि वयस्कर म्हणून त्यांनी बोट दाखवलं राहीबाईकडे.

सगळ्या बायांनी सोलणं थांबवून तिकडे पाहिलं. आता म्हातारीची कोळंबी साहेबांसमोर तोलली जाणार आणि तिच्या घमेल्यात तीन किलोसुद्धा भरणार नाही. परक्या माणसापुढे तिची अब्रू जाणार. पहिला अर्धा तास साहेब स्टुलावर बसून होते तोवर सगळं नीट चाललं. मग कल्पेश त्यांना रजिस्टर दाखवायला आणि चहा द्यायला केबिनमध्ये घेऊन गेला.

दीड तास ते तिकडेच होते. त्या दीड तासात बर्फ आणायला उठलेली प्रत्येक बाई डावीकडून वळली. काट्याकडे जाणारी थांबली. शेवटच्या टेबलावरच्या बाया, ज्या एरवी या बाजूला फिरकतही नाहीत, त्याही येऊन गेल्या. जमुना तर अगदी शेजारी. तिचा हात किती वेळा गेला हे तिला सांगता आलं नसतं. राहीबाई मान खाली घालून सोलत होती. आपल्या घमेल्यात काय पडतं याकडे न बघण्याची तिलाही इतक्या वर्षांची सवय.

साहेब परत आले. तोलणी झाली. जमुना, सहा किलो शंभर. दिशा, पाच किलो दोनशे. राहीबाई, आठ किलो.

साहेबांनी काटा पुन्हा शून्यावर आणून पुन्हा तोललं. आठच. त्यांनी राहीबाईकडे पाहिलं, मग जमुनाकडे पाहिलं, आणि त्या बघण्यातच जमुनाला कळलं की काय झालं. कल्पेश दुसरीकडे बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं. तो त्याच गावचा, त्याची आईही कधी ना कधी अशी मूठ घेऊन घरी आलेली. इतकी वर्षं त्याने डोळेझाक केली होती ती चांगुलपणाने केली होती, आज गप्प राहण्यात त्याचा फायदा होता.

बारा दिवसांनी कागद आला. तक्रारदार बाईने तपासणीच्या वेळी मुद्दाम संथ काम केल्याचे दिसून येते, असं त्यात होतं. सदुसष्ट वर्षांची कामगार दोन तासांत आठ किलो सोलते, त्या अर्थी सध्याचा दर पुरेसा आहे. तक्रार निकाली.

मुद्दाम संथ. जमुनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आयुष्यात तिला कुणी काय काय म्हटलं होतं, फटकळ म्हटलं होतं, हावरट म्हटलं होतं. पण संथ कुणी म्हटलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे तिला हा राग काढायला माणूसच सापडेना. साहेबांनी जे पाहिलं ते लिहिलं. बायांनी जे रोज केलं ते केलं. तिने स्वतः सांगितलं होतं की रोज करतो तसंच करायचं. आणि तिच्या सहा किलो शंभरमध्ये कमी पडलेलं सगळं राहीबाईच्या आठ किलोमध्ये होतं.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन बेलापूरला गेली. या खेपेला बाहेर थांबली नाही, थेट आत शिरली.

"साहेब, ती आठ किलो तिची नाय. आमची हाय," ती म्हणाली, आणि मुठीचं सगळं सांगितलं.

शहाजी साहेबांनी तो कागद पुन्हा वाचला. त्यांना पटलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि पटूनही उपयोग नाही हेही दिसत होतं.

"ताई, माज्या डोळ्यांसमोर काटा आठ दाखवतोय. मी दुसरं काय लिवणार?" ते म्हणाले. "तुमी हे सगळं लेखी द्या. कुणाच्या घमेल्यात कुणी टाकलं, नावानिशी. मग मी फेरतपासणी लावतो."

"लेखी दिलेलं कोन वाचनार?"

"मी वाचणार. आन् एक प्रत कंपनीला जाणार. तो नियम हाय, त्याला माजा इलाज न्हाई."

जमुना कोरा कागद घेऊन घरी आली. तो तिने तांदळाच्या डब्याखाली ठेवला आणि चार दिवस त्याला हात लावला नाही. लिहायचं तरी काय? राहीबाईच्या हातून दोन तासांत तीन किलोही होत नाही, बाकी आम्ही टाकतो. हे कंपनीच्या हातात गेलं की दुसऱ्या दिवशी पंधरा किलोचा नियम तिच्या दारात उभा. न लिहावं तर बत्तीस बाया अठरा रुपयांवर पुढची एकोणीस वर्षं. व्हॅनमध्ये कुजबुज सुरू झाली होती. एकजण म्हणाली, म्हातारी आज ना उद्या बसणारच आहे घरी. दुसरी तिच्यावर अशी उसळली की ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. जयदेवला विचारलं तर तो जाळं शिवत बसलेला, मान वर न करता म्हणाला की यात कुणाचंच चुकत नाही तर मी काय सांगू. जमुनाला वाटलं, चुकणारा एक माणूस समोर आला असता तर किती बरं झालं असतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी राहीबाईच तिच्या घरी आली. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. उंबऱ्यावर बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली की तो कागद आण.

जमुनाने कसला कागद म्हणून विचारून पाहिलं.

"लिव गो," राहीबाई म्हणाली. "माझे हाताला किती होतं, ता मना म्हाईत हाय. तुमी टाकता ता पन मना म्हाईत हाय. मी काय आंधली नाय."

"मावशे, तुना काढतील ते."

"काढू दे. सायबानी कागदात काय लिवलंय? ही म्हातारी आठ किलो सोलतं, मंग बाकीच्यांना काय धाड भरलीय? माझे नावानी तुमचा रोज कापतान. ता मना नाय चालनार."

जमुनाने लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, कारण हात भराभर चालत होते, आणि ते राग आल्यामुळे की दुसऱ्या कशामुळे हे तिचं तिलाही कळेना. खाली तिने सही केली. राहीबाईने शाईत अंगठा बुडवून टेकवला. कागदावर शाईचा नुसता गोल उमटला, रेषा एकही नाही. बोटावरच्या रेषा बर्फाच्या पाण्यात कधीच विरून गेल्या होत्या.

प्रत कंपनीला पोचायला तीन दिवस लागले. बाकी कुठलाच कागद इतक्या लवकर कुठे पोचला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी व्हॅनच्या दाराशी कल्पेश उभा होता. बाया एकेक चढल्या. राहीबाईने दांडीला हात घातला तेव्हा तो जमिनीकडे बघून म्हणाला, "आजी, तू नको बसू. वरून ऑर्डर आहे."

जमुना आतून उठली, तिच्यामागे दिशा उठली. आणखी दोघी-तिघी उठल्या. पण राहीबाईने खालूनच त्यांना हातानं बसा बसा केलं. दिवस बुडवू नका म्हणाली, मी घरी जाऊन पडते, बरेच दिवस पडले नाही. डबा तिने पदराखाली धरला होता. व्हॅन पुलावर चढेपर्यंत जमुनाला ती मागच्या काचेतून दिसत होती, तिथेच उभी. त्या दिवशी जमुनाने सव्वीस किलो सोलली. कल्पेशने दोनदा काकी म्हणून हाक मारली, तिने मान वर केली नाही.

फेरतपासणीला पाच आठवडे लागले. या वेळी साहेब स्वतः रिक्षा करून आले, न कळवता आले, आणि चहाला नाही म्हणाले. स्टूल ओढून जमुनाच्या टेबलासमोर बसले आणि सांगितलं की पूर्ण दोन तास इथून हलणार नाही. एवढं ते शिकले होते. राहीबाई नसल्याने तिच्या जागी शेवटच्या टेबलावरची एक बाई तोलायला घेतली. राहीबाईचं स्टूल आणि घमेलं केव्हाच उचलून नेलेलं. तिथे ओली फरशी होती.

जमुनाने ठरवलं होतं की या वेळी संथ म्हणायला कुणाला जागा ठेवायची नाही. जीव तोडून सोलायचं, जेवढं या हातात आहे तेवढं सगळं. मग मध्येच तिला भीती वाटली. आता डावीकडे काही जायचं नाही. सगळी कोळंबी आपल्याच घमेल्यात पडणार. साडेसात झाले तर? आपल्याच हातांनी बत्तीस बायांचं वाटोळं होईल. हात थोडे आवरावेत असं तिला वाटलं, पण ते तिच्याच्याने होईना. ज्या हातांचा आयुष्यभर अभिमान बाळगला त्यांना आज हळू व्हा म्हणायचं, आणि तेही पगार वाढवायला. आपलं कौशल्य आपल्याच मुळावर यावं, हा कुठला न्याय, असं तिच्या मनात आलं आणि राग आला. राग आला तसे हात आणखी जोरात चालायला लागले.

तासाभराने साहेबांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. फरशीवर सोललेल्या कोळंबीचा एक लहानसा ढीग झाला होता, जमुनाच्या डाव्या बाजूला.

वेळ संपली. जमुनाचं घमेलं काट्यावर चढलं. सहा किलो नऊशे.

"थांबा साहेब," कल्पेश पुढे झाला. "ते खालचं पण धरा. तिने मुद्दाम टाकलंय, वजन कमी दिसावं म्हणून." आणि आजवर ज्याने जमिनीवरची एक कोळंबी तोलली नव्हती तो गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ती गोळा करायला लागला. टेबलाखाली पार आत हात घालून त्याने शेवटची कोळंबीसुद्धा सोडली नाही. चारशे ग्रॅम भरली.

सात किलो तीनशे. साडेसात नाहीच. साहेबांनी आकडे लिहिले. बाकीच्या दोघी तर सहाच्याही आत होत्या. ते जमुनाला म्हणाले की आता शंकाच नाही, दर वाढवावा लागेल. वेळ लागेल, कंपनी वरती अपिलात जाईल, महिने जातील, पण वाढवावा लागेल. मागून बायांचा गलबला सुरू झाला. दिशाने जमुनाचा खांदा दाबला. मग साहेबांनी विचारलं की ताई, खाली का टाकत होता.

जमुनाने खाली पाहिलं. तिला खरंच माहीत नव्हतं की आपण टाकतोय.

"तिथं राहीमावशी बसायची," ती म्हणाली.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. ती बाई कुठे आहे म्हणून कल्पेशला विचारलं. त्याने सांगितलं की वय झालं, तिने स्वतःहून सोडलं. साहेबांनी हातातला फॉर्म वर-खाली पाहिला. जी कामावर हजर नाही तिचं लिहायला त्यात रकाना नव्हता.

बायांचा गलबला चालूच होता. जमुना कल्पेशकडे वळली.

"त्या चारशे ग्रॅमचे पैसे दे."

"काकी, ती खालची होती."

"तू तोललीस. सायबांसमोर तोललीस. तोललं त्याचे पैसे, हा नियम तुजाच हाय."

कल्पेशने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले की बरोबर आहे त्यांचं. किलोला अठरा, म्हणजे चारशे ग्रॅमचे सात रुपये वीस पैसे. वीस पैसे आता कुणाकडे असतात? कल्पेशने खिशातून सात रुपये काढून दिले. ते जमुनाने आपल्या पैशांत मिसळले नाहीत, रुमालाच्या गाठीत वेगळे बांधले.

संध्याकाळी व्हॅनमधून उतरून ती घरी न जाता राहीबाईकडे गेली. राहीबाई दारात बसून शेजारच्या घरचे सुके बोंबील निवडत होती. दिवसाचे पन्नास रुपये मिळतात म्हणाली, आणि बसल्या जागी होतं. जमुनाने तिच्या तळहातावर सात रुपये ठेवले.

"हे कसले?"

"तुजे आजचे."

"आज मी आली नाय तिथं."

जमुनाला सगळं सांगायचं होतं. साडेसात झाले नाहीत, दर वाढणार, साहेब या वेळी हलले नाहीत, कल्पेश गुडघ्यावर बसला. पण तिच्या तोंडून दुसरंच निघालं. इतकी वर्षं एकदाही न बोललेलं ती बोलून गेली की मावशे, मी तुझं फार वाईट केलं. आणि तिला रडू आलं, सगळ्या जगाचा राग आला असताना रडू यावं याचाही राग आला.

राहीबाईने पैसे मोजले नाहीत. पदराला बांधले आणि बोंबलांची पाटी थोडी पुढे सरकवली. जमुना तिच्याजवळ बसली, उजव्या बाजूला, आणि निवडायला लागली.